ग्राइंडरवाले शेठ

मुरबाडच्या एमआयडीसीत आमची कंपनी. प्लास्टिकचं भंगार दळायची आणि त्याचा पुन्हा दाणा पाडायची मशीनं आम्ही बनवायचो. ट्रायलसाठी मागे भंगाराचा ढीग असायचा. त्याहून मोठा ढीग किश्शांचा! भंगार निदान दळून संपायचं. किस्से रोज नवे, आणि बहुतेक शेठच्याच कृपेने.

*

मोबाईल नवे नवे आले होते. शेठ आपला मोबाईल वरच्या खिशात, अर्धा बाहेर ठेवायचे. लोकांना दिसायला नको? वाशिंदचं एक गिऱ्हाईक ग्राइंडर बघायला आलं. शेठ मशीनच्या तोंडावर वाकून ओरडले, "काहीही टाका, दळणारच!"

मोबाईल सटकला. खडखड झाली आणि खाली चुरा पडला. शेठ पांढरेफटक! गिऱ्हाईक खूश.

"शेठ, तुमी खोटं नाय बोलत!" म्हणालं, आणि जागेवर ऑर्डर दिली.

*

आमचे सेल्सवाले प्रधान प्रत्येक मशीन 'फुल ऑटोमॅटिक' म्हणूनच विकायचे. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो, मशीन आपोआप बंद पडतंय!"

प्रधान शांतपणे म्हणाले, "मग? सांगितलं नव्हतं, ऑटोमॅटिक आहे?"

*

फोरमन रामदास सिद्धगडाखालचा. प्लास्टिक कुठलं आहे ते कोपरा जाळून, वास घेऊन ओळखायचा. दिसेल त्याला लायटर लावायची सवयच जडली. शहापूरला मुलगी बघायला गेला. समोर फुलदाणीत प्लास्टिकची फुलं. मुलगी चहा घेऊन आली तर घरभर धूर!

"काय करताय पाव्हणं?" तिच्या बापाने विचारलं.

"मालात भेसळ हाय," रामदास गंभीरपणे म्हणाला.

मुलीने ट्रे तिथेच ठेवला. "अण्णा, यांना सांगा, जाळून बघायला मी प्लास्टिक नाय!"

*

पिशव्यांवर बंदी आली तेव्हा शेठ एका शाळेत पाहुणे म्हणून गेले. 'प्लास्टिक वापरू नका' यावर तासभर बोलले. परतताना गाडीत त्यांनी विचारलं,

"प्रधान, खरंच सोडलं लोकांनी, तर आपली मशीनं दळणार काय?"

"निर्धास्त राहा शेठ, तुमचं ऐकतंय कोण!"

*

ग्राइंडरमध्ये हात जाऊ नये म्हणून तोंडावर लोखंडी जाळी असते. आमच्या ट्रायल मशीनची जाळी शेठच्या कपाटात असायची. लावली की माल हळू पडतो ना! तपासणीचे साहेब येणार असले की ती बाहेर निघायची, पुसून बसवली जायची. साहेब गेले की परत कपाटात. मी एकदा म्हटलं, "शेठ, राहू द्या ना मशीनवरच."

"खराब होईल रे!"

पुढे एका ट्रायलला ऑपरेटर गजाचा उजवा हात आत ओढला गेला. हात वाचला, दोन बोटं गेली. शेठ दवाखान्यात सफरचंदं घेऊन आले. म्हणाले, "लक्ष कुठे होतं तुझं?"

मग सुरक्षा सप्ताह आला. साहेब खुर्चीत, जाळी मशीनवर, आम्ही रांगेत. शेठ माइकवरून शपथ सांगत होते. सगळ्यांनी उजवा हात पुढे केला. शेठची नजर गजावर गेली. साहेबांना शिस्त दिसावी म्हणून ते माइकवरच खेकसले, "ए गजा, सगळी बोटं सरळ कर!"

गजाने हात आणखी उंच केला.

"हायेत तेवढी सरळच हायेत, शेठ."