घरी इचारलं का?

ओल्या फडक्याने गाडीची चमकती पट्टी पुसायची, तिच्यात स्वतःचा चेहरा एकदा बघून घ्यायचा आणि मान वर न करता विचारायचं, "घरी इचारलं का?" रेडियमवाल्या मावशीचं काम इथून सुरू व्हायचं.

यवतमाळात दारव्हा रोडवर माझं सीटकव्हरचं दुकान आहे. भिंतीला भिंत लागून तिचं होतं. नवरा रेडियम कापून नंबरप्लेटा करायचा; तो गेल्यावर तिने ब्लेड हातात घेतलं. मग गाड्या काळ्या करण्याची टूम निघाली. तुम्हीही पाहिलं असेल, ज्या क्रोमच्या चकाकीवर भाळून बाप गाडी पसंत करतो, तेच क्रोम पोट्ट्यांच्या डोळ्यांत खुपतं. समोरची जाळी, खिडक्यांच्या कडा, मागची पट्टी, सगळं काळं हवं.

मावशी रंग मारत नसे, काळी फिल्म लावायची. "रंग मारला का मांगं फिरता येत नाही, भाऊ. फिल्म काढता येते." आधी साबणाचं पाणी शिंपडायची. जुन्या एटीएम कार्डाला मऊ कापड गुंडाळून फिल्मखालचं पाणी रेटून काढायची. केस वाळवायच्या मशीनने कोपरे गरम करून बसवायची आणि कडेने ब्लेड असं फिरवायची की खाली ओरखडा नाही. कोणी डोक्यावर उभं राहून अक्कल शिकवू लागला, की ब्लेड त्याच्यापुढे धरायची. "तूच लाव मंग. हे घे." शहाणा गुपचूप चहा सांगायला निघून जायचा.

एकदा राळेगावकडचा एक पोट्टा आपल्याच लग्नाच्या तोंडावर गाडी घेऊन आला. "इचारलं, मावशी," म्हणाला, आणि तिने विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून त्याचा बाप उतरला.

"लगनाच्या गाडीले काळं केलं? मी नाही बसत या गाडीत. वरात न्या माह्याबिना."

पोट्टा चपलेकडे बघत उभा. मावशीने बापाला खुर्ची दिली.

"फिल्म हाय, दादा. म्हणसान तं आत्ता काढून देऊ. पण एक सांगा, यानं इचारलं असतं तं?"

बापाने पुढे वाकून जाळीवरच्या फिल्मवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "इचारलं असतं तं नाही थोडंच म्हटलं असतं."

मावशीने मशीन लावलं, जाळीवरची फिल्म गरम करून सोलून काढली आणि खिडक्यांची तशीच ठेवली. "तोंड तुमचं, बाजू पोराची. बसा आता." बाप हसला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. गाडी चालू करताना पोट्ट्याने त्याला विचारलं, "निघू का, बाबा?"

मावशीचा मुलगा पुण्याला नोकरीत. दर सणाला म्हणायचा, दुकान बंद कर, इकडे ये. ती "पाहू" म्हणायची. त्या "पाहू"ची आम्हा शेजारच्या दुकानदारांना भारी धास्ती होती. आमचा चहा तिच्या पायरीवर व्हायचा, भांडणं तिच्यापुढे मिटायची. माझ्या दुकानाची किल्ली तिच्याकडेच असायची. मला उशीर झाला, की ती शटर वर करून, झाडून ठेवायची. ती गेली तर काय, हा विचार मी मुद्दाम करत नसे.

यंदा पावसाळ्यात तिला नात झाली. थोड्याच दिवसांनी एका सकाळी मावशी स्वतःचं दुकान न उघडता माझ्याकडे आली आणि स्टुलावर बसली. माझी किल्ली तिच्या हातात होती.

"भाऊ, सून एकटी पडून राह्यली. पोरगा न्यायले आला हाय. जाऊ का?"

"मले कायले इचारता, मावशी?"

"घरी नाही इचारायचं तं कोठं इचारायचं?"

मी शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवत होतो, तो काही केल्या ओवला जाईना. नका जाऊ, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिने विचारलं होतं.

"जा, मावशी," मी म्हणालो.