रिकाम्या रेडिएटरवर नगरपर्यंत

माझ्यासमोर कुणी भुताखेतांचा, चमत्कारांचा विषय काढला की मी उठून चहा सांगायला जातो. शाळेत विज्ञान शिकवतो, आणि खुसपटं काढायची सवयही आहे. तरीही हे लिहितोय...

आमचं गाव पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या जवळ. गाडी जुनी आणि तिची दुखणी मीच घरी शोधतो. त्या रविवारी चर्चहून आल्यावर अंगणात बॉनेट उघडलं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस, इंजिन चालू केलं की रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे, मागून पांढरा धूर — हेड गॅस्केट गेलेलं, शंकाच नको. इंजिनाच्या दोन भागांमधलं पॅकिंग फुटून पाणी आत झिरपत होतं. गाडी गार होऊ दिली आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलायचं म्हणून रेडिएटरचं सगळं पाणी घमेल्यात काढलं.

तेवढ्यात आतून आईची हाक आली. माझ्या बायकोला, सारिकाला, आठवा महिना होता आणि रक्तस्राव सुरू झाला होता. अ‍ॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली, शेजारचा टेम्पो मार्केटला. मी बॉनेट आपटलं आणि सारिकाला मागे झोपवलं. आमच्या आईची एक रीत आहे. घरचं कुणी गावाबाहेर निघालं की ती वाहनावर तळहात ठेवून प्रार्थना करते. एसटीवरसुद्धा! कंडक्टर हसतात, मीही हसतो. त्या दिवशी मात्र तिच्यावर खेकसलो. तरी तिने हात ठेवलाच, मग बसली.

चाळीसेक किलोमीटरवरच्या नगरपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. हॉस्पिटलमध्ये सारिकाला आत नेलं आणि मला आठवलं — पाणी घरी घमेल्यातच राहिलंय! तसाच गाडीकडे धावलो. बॉनेट उघडून भीत भीत इंजिनाला हात लावला. गार होतं... रात्रभर उभ्या गाडीचं असतं तसं. तापमानाचा काटा फसवू शकतो, पाणी नसलं तर सेन्सरला उष्णता नीट कळत नाही, हे मला माहीत आहे. पण माझा हात?

नंतर पाणी भरून गाडी चालू केली, तर हॉस्पिटलच्या गेटपर्यंतही गेली नाही, वाफ सोडत बंद पडली. मेकॅनिकने हेड काढलं. गॅस्केट मधोमध जळून गेलं होतं. अशी गाडी गावाची वेससुद्धा ओलांडणार नाही, असं तो म्हणाला.

सारिका आणि आमची मुलगी, दोघी वाचल्या. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मी खूप डोकं खाजवलं, पुस्तकं उघडली, उत्तर आजही नाही. ते गार लोखंड आठवलं की अंगावर काटा येतो.

शेवटी आईलाच विचारलं, गाडीसाठी काय मागितलं होतंस?

"गाडीचं मी कशाला मागू?" ती म्हणाली. "पोरीला पोचव म्हनले. कशात बसवून, ते त्याचं तो बघंल."