घरच्या खिडकीची काच

अख्ख्या गल्लीला काचा बसवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घराला मात्र खिडकीच्या जागी फळी ठोकलेली होती. काच फुटली त्याच दिवशी काचवाल्यानं नवी तावदानं कापलीसुद्धा. पण आज शाळेचं काम, उद्या दवाखान्याचं. घरचं आपलं राहूनच गेलं. तावदानं जिन्याखालच्या ओलसर कोपऱ्यात उभी राहिली आणि बायको दिवसाढवळ्या दिवा लावून भाजी निवडू लागली. गुडघ्यांपायी तिचं बाहेर जाणं सुटलं होतं. रस्ता दिसायचा तो त्या खिडकीतूनच. शेवटी ती लेकीकडे निघून गेली. भांडली नाही. "खिडकी लागली की कळवा," एवढंच म्हणाली.

घर त्याला खायला उठलं. दोघांचा चहा टाकायची हाताची सवय काही जाईना. एक दिवस त्यानं दुकान बंद ठेवलं आणि तावदानं बाहेर काढली. ती एकमेकांना चिकटून बसली होती. हलक्या हातानं सोडवली, तर सगळ्यांवर पांढुरकी झाक. पाण्यानं पुसलं, स्पिरिटनं पुसलं. झाक जागची हलेना.

हलणार कशी? तो मळ नव्हताच. काचेला पाणी काय करणार, असं लोकांना वाटतं. प्रयोगशाळेतली काच पाण्याला सहजी दाद देत नाही हे खरं, पण खिडकीची साधी काच तेवढी खमकी नसते. पाणी वरून वाहून गेलं तर ठीक. दोन काचांमध्ये ओल अडकली, की काचेतलाच क्षार त्या ओलीत उतरतो आणि मग काचेलाच खातो. म्हणून मध्ये कागद घालायचा. हे तो गिऱ्हाइकांना कानीकपाळी ओरडून सांगायचा. घरच्या तावदानांतही कागद होता. एका गिऱ्हाइकाला कमी पडला म्हणून यानंच तो काढून दिला होता.

तो जिन्यावर बसून राहिला. तिची इतकी आठवण आली, की पुढ्यातलं काही दिसेना.

मग उठून दुकानात गेला. दुकानाची दर्शनी काच त्याच साध्या जातीची, दुकानाइतकीच जुनी. वर्षानुवर्षं पाऊस तिला धुऊन जात होता, आणि समोरचा दिव्याचा खांब तिच्यातून लख्ख दिसत होता. त्यानं ती चौकटीतून उतरवली आणि घरच्या मापानं कापली.

संध्याकाळी फोन केला. "लागली खिडकी."

"त्याच काचा?"

"त्या गेल्या. दुकानाची बसवली."



"आणि दुकानाला हो?"

"घरची फळी होती ना. ती ठोकली."

"परवा निघते मी," ती म्हणाली.

परवाला अजून अवकाश होता. तरी तो रस्त्याच्या टोकाकडे डोळे लावून खिडकीशी बसला.