उंच केलेल्या गाडीचा आळ

म्हसावदच्या शिवारात माझी पपई आहे. पपईच्या दोन ओळींमधून ट्रॅक्टर जात नाही आणि डोक्यावर क्रेट वाहून माणसं थकतात, म्हणून मी एक एटीव्ही घेतली. मोटारसायकलसारखं हँडल, चार जाडजूड चाकं आणि मागे जोडायला छोटी ट्रॉली. गावात तिला सगळे ‘आप्पाचा बेडूक’ म्हणतात.

पावसाळ्यात या बेडकाचं पोट मातीच्या बेडवर, म्हणजे उंच वाफ्यावर, टेकायचं आणि चाकं जागच्या जागी फिरायची. मग मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून लिफ्ट किट मागवलं. शॉकअपच्या टोकांशी बसवायच्या लोखंडी पट्ट्या असतात त्या. शहाद्याच्या एका गॅरेजवाल्याने त्या बसवून दिल्या आणि गाडी चांगली तीन बोटं उंच झाली. आता ती कुठेच अडत नव्हती. पारावर कुणीतरी म्हणालं, “आप्पा, तुम्हना बेडूक ते उंट व्हयी गया.” मला ते आवडलं. येईल त्याला मी ती गाडी दाखवत असे.

गाडी चालवायचा माझा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. डोंगराकडचा माणूस, बायकोबरोबर पावरीत बोलणारा आणि माझ्याशी अहिराणीत. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीलाच संपतं. त्या दिवशी तो एक तर राहतो, नाहीतर दुसऱ्या शेतावर जातो. हा माझ्याकडे बऱ्याच आखाज्या राहिलेला.

हिवाळ्यात तोडणी जोरात असताना वळणावर गाडीच्या पुढच्या चाकातून टक टक आवाज येऊ लागला. पाहिलं तर एक्सलच्या सांध्यावरचं रबर फाटलेलं, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं आणि त्यावर माती बसलेली. सांधा बदलला. होळीच्या आधी दुसऱ्या बाजूचं रबर गेलं.

गॅरेजवाल्याला मी विचारलं, किटमुळे तर नाही ना? तो हात पुसत म्हणाला, “किटना काय संबंध, आप्पा? चालाडनारा कोन शे ते देखा.”

किट त्यानेच बसवलेलं होतं, तेव्हा तो दुसरं काय बोलणार, हे मला कळायला हवं होतं. पण ते वाक्य मला सोयीचं होतं. त्या दिवसापासून मी सालदारावर नजर ठेवू लागलो. सकाळी टाकीत काडी घालून पेट्रोल पाहायचो. चाकांच्या खुणा कुठवर गेल्यात ते बघत बांधाबांधाने फिरायचो. तो पलीकडच्या ओळीत असला की मी झाडाआड उभा राहून तो गाडी कशी वळवतो ते पाहत असे. माझी बायको एकदा म्हणाली की जावई पाहायला आल्यासारखे काय लपून बघताय.

एकदा खुणा शेताबाहेर, थेट बाजाराच्या रस्त्याला गेलेल्या दिसल्या. मी विचारलं तेव्हा तो हसला. “बाजारमातीन दोन बकऱ्या लई उनू, आप्पा. ट्रॉलीमा बठाडी दिन्यात, एक ते रस्ताभर मन्ही टोपी चावी ऱ्हायनी व्हती.”

मीही हसलो. पण मनात म्हटलं, सापडला. दोन बकऱ्यांनी एक्सलचा सांधा तुटत नाही हे कुणालाही कळेल, मला मात्र तेव्हा कळून घ्यायचं नव्हतं.

होळीनंतर रबर पुन्हा फाटलं. तो गावाला गेला होता, म्हणून मी स्वतः गाडीखाली आडवा झालो. तेव्हा नीट दिसलं. पूर्वी एक्सल जवळजवळ सरळ असायचा. आता तो छपराच्या उतारासारखा तिरपा चाकाकडे उतरत होता. रबराच्या घड्या खालच्या बाजूला एकमेकींत रुतल्या होत्या आणि रबर नेमकं तिथेच झिजून चिरलं होतं. दोन्ही बाजूंना तसंच. भरलेली ट्रॉली, ओली काळी माती आणि ओळीच्या टोकाला दर वेळी घ्यावं लागणारं आखूड वळण. तो तिरपा सांधा किती दिवस टिकणार? चालवणारा कोणीही असता तरी हेच झालं असतं. मी उठलो, कपडे झटकले आणि कुणाला काही बोललो नाही. ज्या किटचं इतकं कौतुक केलं त्यानेच गाडी खाल्ली, हे कसं सांगायचं?

आखाजी जवळ आली. धानोऱ्याकडे माझ्या ओळखीचे एक मोठे बागाईतदार आहेत. त्यांना ट्रॅक्टरवर कायमचा माणूस हवा होता. राहायला पक्की खोली, आणि शेजारीच शाळा. माझ्या सालदाराची मुलगी शाळेच्या वयाला आली होती, त्यामुळे त्याचं मन तिकडे लागलं होतं. हे त्याने मला लपवलं नव्हतं. त्या बागाईतदारांनी मला फोन करून विचारलं, माणूस कसा आहे?

मी म्हणालो, “माणूस चांगला शे. पन मशीन त्याना हातमा टिकत नही.”

एवढंच बोललो. त्यांनी पुढे विचारलं नाही. ट्रॅक्टरवाल्याबद्दल यापुढे विचारायला उरतं तरी काय?

तीन-चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी मी मोटारसायकलवर धानोऱ्याला गेलो. त्यांना सगळं सांगितलं. किट मी बसवलं, एक्सल तिरपा झाला, रबर त्यामुळे फाटलं, पोराचा हात फार हलका आहे, ट्रॅक्टर डोळे मिटून द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला चहा पाजला आणि मग डोळे बारीक करून विचारलं, “आप्पा, मंगळवारले मशीन टिकत नव्हती, आते एवढी तारीफ. त्याले काढानं शे का तुम्हले?”

मी शपथ घ्यायला लागलो, तसतसा त्यांचा संशय वाढताना मला दिसला. बाजारात आडमुठा बैल विकणाराही असाच शपथा घेतो. त्यांनी कोरीटचा एक माणूस आधीच ठरवला होता. निदान तसं ते म्हणाले. ते खरं होतं की मला वाटेला लावायला बोलले, हे मी आजवर ओळखू शकलो नाही.

परत येताना मला एक गोष्ट जाणवली आणि ती अजून सुटलेली नाही. तो गेला असता तर तोडणी चालू असतानाच मला नवा माणूस शोधावा लागला असता. फोनवर माझ्या तोंडून ते वाक्य निघालं ते खरंच किटची लाज झाकायला, की त्याला अडकवून ठेवायला? मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. दर वेळी मला जे उत्तर मिळतं ते फार सोज्वळ असतं, म्हणून त्यावर माझा विश्वास बसत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी तो पपई कागदात गुंडाळून क्रेटमध्ये लावत होता. मी शेजारी बसलो आणि धानोऱ्याला जाऊन आल्याचं सांगितलं. तुझी बाजू मांडली, किटचा दोष कबूल केला, पण जमलं नाही, असं म्हणालो. त्याने हातातली पपई खाली ठेवली.

“ते माले समजनं, आप्पा. पयले काय सांगं व्हतं, ते इचारी ऱ्हायनू.”

मी सांगितलं. शब्द बदलले नाहीत. त्याने मान हलवली. बहुतेक त्याला ते आधीच कुणाकडून तरी कळलं होतं. पुन्हा पपई उचलून तो कागद गुंडाळायला लागला. जरा वेळाने म्हणाला, “ऱ्हासू. आते कठे जासू?”

किट मी काढून टाकलं. सांधे नवे बसवले. त्याच्या मुलीला मी म्हसावदच्या शाळेत घातलं आहे आणि तिला सोडण्या-आणण्याचं काम माझ्याकडे घेतलं आहे. ते तो मला करू देतो. गाडीचं पोट पुन्हा बेडवर टेकतं, पुन्हा ढकलावी लागते, पण रबर अजून शाबूत आहे.

गाडी तोच चालवतो. फक्त एक गोष्ट त्याने नवी सुरू केली आहे. संध्याकाळी गाडी खळ्यावर आणली की तो लगेच उतरत नाही. मला हाक मारतो. मी चारी चाकांच्या आत वाकून पाहीपर्यंत हँडल धरून बसून राहतो, आणि माझ्याकडे न बघता म्हणतो, “देखी ल्या, आप्पा. नीट देखी ल्या.”

मी नको म्हणून पाहिलं. तो उतरत नाही. म्हणून मी रोज वाकतो.