अर्ध्या शर्यतीची अदलाबदल

आमच्या घाटकोपरच्या घरात टीव्हीसमोर दोन खुर्च्या आहेत. डावीकडची वेताची, ती बाबांची. उजवीकडची लोखंडी, घडीची, तिच्यावर जुनी उशी बांधलेली, ती काकांची. काका म्हणजे सख्खे नव्हेत. मुलुंडच्या एका कारखान्यात बाबांच्या शेजारच्या लेथवर आयुष्य काढलेला, मूळचा साताऱ्याकडचा माणूस. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे. दोघे तरुणपणी एकाच संघातून कबड्डी खेळले आणि पुढे दोघांना एकच वेड लागलं, फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यतीचं. मला त्या खेळातलं काडीइतकं कळत नाही. गाड्या गोल गोल फिरतात आणि दोन शहाणीसुरती माणसं त्यावरून घसा फोडून भांडतात, हे बघून माझं डोकं उठायचं.

अलीकडे भांडणाचे विषय दोनच उरले होते. काही वेळा रविवारच्या मुख्य शर्यतीआधी शनिवारी एक आखूड शर्यतही घ्यायला लागले, तो एक. आणि प्रत्येक संघाने वर्षभरात किती खर्च करायचा याला मर्यादा घातली, तो दुसरा. काका दोन्हीच्या बाजूचे. बाबा दोन्हीच्या विरुद्ध.

“ज्येच्याकडे पैशे आसत तो घालतलो,” बाबा म्हणायचे. “शर्यत आसा की रेशनचा दुकान?”

“समद्यांनी सारखंच पैसं खर्चायचं, मंग बगू कुनाच्या अंगात किती दम हाय,” काका म्हणायचे. “आन् शनवारची कशी आटोपशीर. तुज्यासारख्या म्हाताऱ्याला तेवढीच झेपती.”

“मेल्या, अर्धी होयसर ती संपता. कोर्ट कधी बदलूचा?”

बाबांचा खरा राग हाच होता. कबड्डीत अर्ध्या वेळेनंतर दोन्ही संघ मैदानाची बाजू बदलतात. तो नियम या दोघांनी शर्यतीला लावला होता. अर्धे लॅप, म्हणजे गाड्यांच्या फेऱ्या, झाले की दोघांनी उठायचं, एकमेकांच्या खुर्चीत बसायचं आणि एकमेकांच्या बाजूने भांडायचं. तेही एकमेकांच्या बोलीत. बाबा मुद्दाम ‘गड्या, गड्या’ करायचे, काका ‘मेल्या, मेल्या’. शेवटी चौकड्यांचं निशाण फडकलं की पुन्हा उठायचं, आपल्या खुर्चीपाशी येऊन, तिच्यात बसलेल्याला म्हणायचं, “ऊठ मेल्या, माझी जागा ती.” इतकी वर्षं भांडूनही कोणी कधी रागावून घरी गेलं नाही ते बहुतेक यामुळेच. शनिवारच्या आखूड शर्यतीत मात्र बाबा जागचे हलायचे नाहीत. तिथे अदलाबदल नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं.

काका गेले तेव्हा बाबांचं विसरणं बरंच पुढे गेलं होतं. मी त्यांना सांगितलं. ते रडले. दुसऱ्या दिवशी काका का आले नाहीत म्हणून विचारू लागले, मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. मग मी सांगणं बंद केलं. रोज कोणाला नव्याने मारायचं, माझ्याच्याने ते झालं नाही.

त्याच सुमाराला मीही त्यांच्या डोक्यातून गेले. मी अंधेरीच्या ऑफिसातून येते, दार उघडते, ते नम्रपणे हसतात. “बाई, चहा देता काय?” दिवसा सांभाळायला एक मावशी येतात, तशीच मी रात्रपाळीची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पूर्वी ते मला ‘चेडवा’ म्हणायचे, मालवणीत पोरीला म्हणतात तसं. मला चारचौघांत लाज वाटायची आणि मी फणकारायची. आता ती हाक एकदा ऐकायला मिळावी म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं. जुने फोटो दाखवले, आईची साडी नेसून समोर उभी राहिले. “छान दिसता हां बाई,” ते म्हणाले. मी आत जाऊन भांडी आपटली.

रविवारची शर्यत मात्र त्यांना बरोबर कळायची. संध्याकाळी वेताच्या खुर्चीत बसायचे आणि भांडायला लागायचे. समोर कोणी नाही. घडीची खुर्ची रिकामी. बाबा एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. नुसते थांबायचे नाहीत, ऐकायचे. मधेच कपाळाला आठी पडायची, मधेच हसू यायचं. त्या थांबण्याची लांबी मला पाठ होती. स्वयंपाकघरातून इतकी वर्षं ऐकलेलं, काकांच्या बोलण्याला लागायची तेवढीच लांबी.

आमच्या डोक्यावरून विमानं उतरतात. घाटकोपरच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. आवाज आला की तो बोलणं थांबवतो आणि विमान गेलं की पुढचा शब्द बोलतो. एका रविवारी बाबा गप्प बसून ऐकत होते. विमान आलं. बाबांनी हात वर करून त्या रिकाम्या खुर्चीला थांबवलं. विमान गेलं. “हां, बोल,” ते म्हणाले, आणि पुन्हा ऐकू लागले. पोळी लाटायची सोडून मी दारात येऊन उभी राहिले.

अर्धी शर्यत झाली तसे बाबा उठले आणि काकांच्या खुर्चीत जाऊन बसले. उजवा गुडघा चोळला. काका चोळायचे तसा. गुडघा काकांचा दुखायचा, बाबांचा नाही.

“गड्या, लॅप किती ऱ्हायलं रं?” ते म्हणाले. “चष्मा घरीच ऱ्हायला. न्हेताना कुनी घेतलाच न्हाई.”

पूर्वी बाबा नक्कल करायचे तेव्हा आत कुठेतरी हसू असायचं. हे तसं नव्हतं. निशाण फडकलं, गाड्या थांबल्या, बक्षिसं झाली, आणि बाबा त्या खुर्चीतून उठलेच नाहीत. जेवताना त्यांनी भाताकडे पाहून भाकरी मागितली. सकाळीही तेच. दुपारी मावशींचा मला ऑफिसात फोन आला, “ताई, बाबा आज वेगळेच बोलतायत. मला समजत नाहीये ना.”

संध्याकाळी मी खाली काकूंकडे गेले. सहज विचारल्यासारखं विचारलं, काकांचा चष्मा कुठे असतो हो? काकूंनी टीव्हीकडे बोट दाखवलं. टीव्हीच्या मागे होता. “दवाखान्यात न्हेलं त्या गडबडीत हितंच ऱ्हायला बघ,” त्या म्हणाल्या. “शेवटपातूर चष्मा द्या म्हनत हुते. मी हे कुनाला बोलले न्हाई. जीव तुटतो.” मी जिना चढून वर आले खरी, पण आमच्या दाराची बेल वाजवायला मला थोडा वेळ लागला.

बाबा मंगळवारी परत आले. म्हणजे पुन्हा मला ‘बाई’ म्हणायला लागले. पुढच्या शर्यतीनंतर ते त्याहून उशिरा परतले, त्याच्या पुढच्या शर्यतीनंतर आणखी उशिरा. मला भीती वाटायची ती काकांची नाही. काकांनी मला खांद्यावर बसवून गणपती दाखवलेत. भीती ही होती की एका रविवारी बाबा तिकडे जातील आणि येणारच नाहीत, आणि मला ओळखण्याची जी काही पुसट शक्यता उरली होती तीही त्यांच्याबरोबर जाईल. टीव्ही बंद ठेवून पाहिला. ते अंधाऱ्या पडद्यासमोर बसून ठरल्या वेळी उठले आणि खुर्ची बदलली.

मग एकदा डोक्यात प्रकाश पडला. परत यायचं म्हणजे आपल्या जागेवर बसलेल्याला उठवायचं, हा त्यांचा नियम. जागेवर कोणी बसलेलंच नसेल तर ते उठवणार कोणाला?

पुढच्या रविवारी अर्धी शर्यत झाली, बाबा घडीच्या खुर्चीत गेले, आणि मी पदर खोचून वेताच्या खुर्चीत जाऊन बसले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आं? आज लई गप. खर्चाच्या मर्यादेवर काय म्हननं हाय तुजं?”

“ज्येच्याकडे आसत तो घालतलो,” माझ्या तोंडून आलं. मी मालवणी कधी बोलत नाही. लहानपणी बोलायला लाज वाटली आणि मग जीभ वळेना. त्या दिवशी वळली. रेशनचं दुकान आलं, आखूड शर्यतीला शिव्या आल्या, बाबांची सगळी वाक्यं त्यांच्याच चढउतारांनी एकामागून एक आली. माझा आवाज मला खाली खाली जाताना ऐकू येत होता. उठावंसं वाटलं, उठता येईना. वेताला बाबांच्या अंगाचा आकार आला आहे, मी त्यात नीट बसले होते.

मधेच ते पुढे वाकले. “पोरगी कशी हाय तुजी?”

बाबा काय बोलले असते तेच बोलले. “आसा. तापट आसा.”

“तुज्यावरच गेलीया. सांगितलंस का तिला, कामाच्या पयल्या दिवशी तू तिच्या मागनं अंधेरीपातूर गेला हुतास ते? त्याच बसमदी, शेवटच्या शिटावर, पेपर तोंडाम्होरं धरून?”

“नाय,” मी म्हटलं. मला ते माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी बसमध्ये सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होते.

“सांग की मर्दा. कवा सांगनार?”

निशाण फडकलं. ते उठले, दोन पावलं चालून माझ्यासमोर आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. चेहरा बदलला. कसा ते मला लिहिता येत नाही, पण बाबा आले.

“ऊठ गो चेडवा,” ते म्हणाले. “माझी जागा ती.”

मी ताडकन उठले. हसत होते की रडत होते कोण जाणे. बाबा खुर्चीत टेकले, धोतराचा सोगा नीट केला आणि वर माझ्याकडे पाहिलं, तेच नम्र हसू.

“बाई,” ते म्हणाले, “माझा चेडू खंय गेला? आत्ता हंयसरच बसलेला.”

“येईल,” मी म्हटलं. “पुढच्या शर्यतीला येईल.”

तेव्हापासून असंच चालू आहे. बाबा काकांच्या खुर्चीत अडकून पडत नाहीत, निशाण फडकलं की परत येतात. आणि माझ्यासमोर येऊन उभे राहतात तेव्हा तेवढ्यापुरती मी त्यांची मुलगी असते. त्यांच्या खुर्चीतून उठले की संपलं. ज्या खेळाचा मला आयुष्यभर तिटकारा आला त्याचं वेळापत्रक मी फोनमध्ये घेऊन बसते. मधे काही आठवडे शर्यतच नसते, ते आठवडे मला खायला उठतात.

असाच एक कोरडा काळ गेल्यावरच्या रविवारी मी बाबांच्या जागेवर बसून भांडत होते. पलीकडून आखूड शर्यतीचं गुणगान चाललं होतं. माझ्या मनात आलं, शनिवारीही अदलाबदल झाली तर? मी भांडायची थांबले.

“बरा तर,” मी म्हटलं. “तुझाच खरा. शनिवारी पण कोर्ट बदलूया.”

वरून विमान आलं. त्यांनी हात वर केला नाही, विमान जाईपर्यंत माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग आवाज आला, हळू, अगदी काकांचा.

“मी हुतो तवर न्हाई ऐकलंस गड्या.”

बाबांना विचारून मी ही हार मानली नव्हती. त्यांनी इतकी वर्षं जे सोडलं नाही ते मी माझ्या हावेपोटी सोडून दिलं होतं. वाईट वाटलं. पण मागे घ्यावंसं वाटलं नाही.

आखूड शर्यतीचा शनिवार आला. अर्धी शर्यत झाली तसे बाबा उठले, कधी उठत नसत ते उठले, आणि घडीच्या खुर्चीत जाऊन बसले. मी माझ्या जागी बसले. फार काही बोलणं झालं नाही, ती शर्यत संपतेच लवकर. निशाण फडकलं, बाबा येऊन समोर उभे राहिले.

“ऊठ गो चेडवा. माझी जागा ती.”

मी उठले नाही. वेताचे हात घट्ट धरून बसून राहिले. “बाबा, थोडा वेळ,” मी म्हटलं.

मला वाटलं चिडतील. “बस वायच,” ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. टीव्हीवर बक्षिसं झाली, जाहिराती लागल्या, खाली कोणाची तरी गाडी मागे घेताना वाजत राहिली. मी बसून होते आणि ते उभे होते, मला ओळखत. थोड्या वेळाने त्यांचे पाय थरथरायला लागले. हात डोक्यावरून काढला नाही त्यांनी.

मग मी उठले.