शेजारधर्माचा आउट

आईवडील सोडले तर माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे ते सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या काकांचं. ते माझे सख्खे काका नव्हेत. आमच्या रविवारच्या बेसबॉल लीगचे ते अंपायर होते. चिनी, जपानी, तमिळ, सगळे खेळाडू त्यांना 'अंकल' म्हणायचे, म्हणून मी काका म्हणायला लागलो.

होम प्लेट म्हणजे चेंडू मारणारा उभा राहतो तिथली जमिनीतली पांढरी पाटी. तिच्यावर माती साचली की ती झाडायला अंपायरकडे एक छोटा ब्रश असतो. काका तो खिशातून काढायचे, पण वाकण्याआधी प्लेटला पूर्ण वळसा घालून पलीकडे जायचे आणि प्रेक्षकांकडे तोंड करून मगच वाकायचे. प्रेक्षक म्हणजे कोण, तर कुणाची तरी बायको, पाण्याचे कॅन आणि पुढच्या मॅचची वाट बघत आडवी झालेली दोन-चार मंडळी.

"काका, कोण बघतंय तुमच्याकडे?" मी एकदा विचारलं.

"बघत नसले तरी बसलेत ना? बसलेल्या माणसाला पाठ दाखवून वाकू नये."

कोकणातला माणूस, मरीन इंजिनिअर. जहाजांवर उमेदीची वर्षं घालवून नंतर सेम्बावांगच्या गोदीत स्थिरावलेला. बेसबॉल त्यांनी कुठल्याशा जपानी बंदरात जहाज दुरुस्तीला अडकलं असताना पाहिला आणि तो त्यांना चिकटला तो चिकटलाच. काकू म्हणायच्या, "हे घरीसुद्धा निकालच देतात. आमटी चाखतात आणि हात आडवे करून 'सेफ' म्हणतात, म्हणजे नाबाद. चांगली झालीय, असं तोंडातून निघेल तर शपथ."

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावचा. घराण्यातला पहिला पदवीधर. आमच्या शाळेत सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलचाच धाकटा भाऊ, होता, कारण राज्य पातळीवर खेळलं की दहावीला क्रीडागुण मिळायचे. त्या खेळाचा पुढे काही उपयोग होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. सिंगापूरला नोकरीला आलो तेव्हा चोआ चू कांगला एका फ्लॅटमधली खोली आणि ऑफिस, एवढंच माझं जग होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. उत्तर माहीत असायचं, पण मी ते इतकं हळू बोलायचो की शेजारचा तेच मोठ्याने म्हणायचा आणि शाबासकी घेऊन जायचा.

एका रविवारी मैदानाच्या कडेला उभा राहून मी खेळ बघत होतो. कुणीतरी सोपा चेंडू सोडला आणि माझ्या तोंडून "अरे, हातमोजा खाली ठेव ना!" असं निघालं. मुखवटा घातलेला अंपायर गर्रकन वळला. "मराठी? खेळतोस का? मग तिकडे काय खांब धरून उभा आहेस?"

त्यांनी मला एका संघात घातलं. पण खरं ऋण ते नव्हे. माझी ऑफिसातली अडचण त्यांना कळली तेव्हा मॅच संपल्यावर ते मला थांबवून घ्यायला लागले. रिकाम्या मैदानात, उन्हात, प्लेटमागे उभं करायचे. "ओरड. आउट! पोटातून काढ आवाज. हे काय, मांजर दूध मागतंय? घाबरत दिलेला निकाल बरोबर असला तरी चुकीचा वाटतो, लक्षात ठेव." शेजारच्या ब्लॉकमधून एक आजी बाहेर येऊन आमच्याकडे बघत राहायची. पुढच्या काही महिन्यांत मी मीटिंगमध्ये बोलायला लागलो. वर्षअखेरीला सिंगापुरात राहून काम करायचा पास वाढवून मिळाला तो त्या आवाजावर.

आता ज्या निकालावरून सगळं घडलं तो समजावून सांगतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी बेसबॉल पाहिला नसेल, पण गोष्ट अवघड नाही.

मी सेकंड बेसवर खेळायचो. बेस म्हणजे जमिनीत रोवलेली पांढरी चपटी बॅग. पहिल्या बेसवरून धावणारा माझ्याकडे येत असतो. चेंडू त्याच्या आधी माझ्या हातात आला आणि माझा पाय बॅगेवर असला, की तो आउट. मग तोच चेंडू मी लगेच पहिल्या बेसवर फेकायचा, म्हणजे चेंडू मारून तिकडे पळणारा दुसराही आउट. पण तेवढ्यात धावणारा लोखंडी खिळ्यांचे बूट पुढे करून घसरत येतो. तुम्ही बॅगेवर पाय रोवून उभे राहिलात तर नडगी गेलीच. म्हणून जगभर एक रीत पडली होती. चेंडू वेळेत आला असेल आणि पाय बॅगेच्या अगदी जवळ असेल, तर अंपायर आउट द्यायचा. वीतभर पाय सुटला तर सोडून द्यायचा. ही सवलत सगळ्या संघांना सारखीच होती. काका त्याला 'शेजारधर्माचा आउट' म्हणायचे. "पाय बॅगेच्या शेजारी होता ना? मग झालं. उद्या सोमवारी सगळ्यांना चालत कामावर जायचंय."

आता तो माणूस. त्याचं नाव लिहायची माझी फार इच्छा आहे, पण काकांनी मना केलं होतं, म्हणून कप्तानच म्हणतो. दुसऱ्या एका संघाचा कप्तान, मराठीच, पुण्याचा. बिशानला महागड्या काँडोत राहायचा. अमेरिकेत शिकून आलेला. इंग्रजी असं बोलायचा की माझ्यासारख्याने गप्पच बसावं. तोही सेकंड बेसवरच खेळायचा आणि काकांकडून हेच शेजारधर्माचे आउट त्याने हंगामामागून हंगाम घेतले होते. तेव्हा त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

त्या वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या लीगने व्हिडिओ रिप्लेचा वापर वाढवला होता. आमच्या निर्णायक मॅचमध्ये शेवटच्या क्षणी कप्तान घसरत माझ्या अंगावर आला. चेंडू केव्हाच माझ्या हातात आला होता. मी बॅगेवरून उडी मारत फेकला आणि काकांचा हात वर गेला, "आउट!" दुसराही आउट. मॅच संपली. त्याचा संघ हरला.

त्याच्या मित्राने ते फोनवर टिपलं होतं. कप्तान फोन नाचवत आला. "बघा, बघा! पाय बॅगेवर नाहीच! तिकडे अमेरिकेत आता असलं चालत नाही, काका. सगळं तपासतात."

"तिकडे हा एक आउट तपासण्यातून वगळलाय," काका शांतपणे म्हणाले. हे खरं होतं. त्या वेळी तिथेही तो वगळलेलाच होता, खेळाडूंचे पाय वाचावेत म्हणूनच.

"ते मला नका सांगू. मामा अंपायर असल्यावर भाचा कसा हरेल?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. "दोघे एकाच मराठी मीडियमचे."

मुखवटा काखेत धरून काकांनी फोनमधलं ते दृश्य पुन्हा एकदा पाहिलं. "पाय नाहीये खरा," म्हणाले आणि निघून गेले. त्या वाक्याचा त्याने पुरेपूर फायदा घेतला. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती क्लिप गेली आणि खाली एक ओळ: 'गाववाल्याला गाववाल्याची साथ. अंकलनी स्वतःच कबूल केलं.'

गणपतीच्या कार्यक्रमात काका प्रसाद वाटायला बसायचे, दर वर्षी. त्या वर्षी रांगेतला एकजण हसत म्हणाला, "काका, मोदक सगळ्यांना आहे ना, की फक्त गाववाल्यांना?" आजूबाजूचे हसले. काकांनी त्याला मोदक दिला. मग हातातलं ताट काकूंकडे दिलं आणि चपला शोधायला गेले. मी त्यांच्या मागे गेलो, तर म्हणाले, "आयुष्यभर बॉयलरच्या खोलीत काम केलं रे. काळा झालो, पण खोटा कुणी म्हटलं नव्हतं."

त्या दिवसानंतर ते मैदानावर आले नाहीत. पुढे काही महिन्यांनी निवृत्त होऊन कोकणात परत गेले. विमानतळावर मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला आणि अगदी हळू म्हणाले, "त्याला सोडू नकोस."

तुम्हाला वाटलं असेल, क्षमा कर म्हणाले असतील. मलाही तसंच वाटलं होतं. पण काका तसे नव्हते आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

सूड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी भयंकर येतं. माझ्याकडे एक हातमोजा होता आणि थोडी बुद्धी. कप्तानाच्या आग्रहावरून आमच्या लीगने पुढच्या हंगामापासून रिप्ले आणला. सेकंड बेसजवळ तिकाटण्यावर एक कॅमेरा आणि कडेला एक टॅब्लेट. तक्रार केली की अंपायर जाऊन बघणार. तक्रार खरी ठरली तर पुन्हा करायची मुभा. आमच्या संघाच्या तक्रारी मी करायचो.

कप्तान वेगवान होता. बेस चोरणं, म्हणजे चेंडू मारला जाण्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळत सुटणं, ही त्याची शान. असं चोरून येणाऱ्याचा पाय बॅगेवर नसताना त्याच्या अंगाला चेंडू लागला की तो आउट. कप्तान घसरत यायचा, पाय बॅगेला लावायचा आणि त्याच झटक्यात रुबाबात उभा राहायचा. उभं राहताना पापणी लवेपर्यंत त्याचा बूट बॅगेवरून सुटायचा. असलं काही अंपायरच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसलं तरी कुणी आउट देत नसे. तीही एक रीतच होती. मी एवढंच केलं, की चेंडू असलेला हातमोजा त्याच्या मांडीवर दाबून धरला आणि तो पूर्ण उभा राहीपर्यंत काढला नाही.

"सेफ!" नवा अंपायर म्हणाला.

"रिप्ले," मी म्हणालो. पोटातून.

टॅब्लेटवर बूट आणि बॅग यांच्यामध्ये मातीची एक बारीक रेघ दिसत होती. आउट.

"हे काय बेसबॉल आहे?" तो ओरडला. "हे असं कुणी बघत नाही!"

"कॅमेरा बघतो, साहेब. तुम्हीच आणलाय."

त्या हंगामात तो जेव्हा जेव्हा आमच्याविरुद्ध सेकंडला आला, तेव्हा हातमोजा त्याच्या मांडीवर होता. तो सावध झाला, बॅगेला मिठी मारून पडून राहायला लागला. रुबाब गेला. त्याचेच गडी त्याला "बॉस, स्लीपिंग लाह?" म्हणून, झोपलास की काय असं सिंगापुरी इंग्रजीत, चिडवायला लागले. मी प्रत्येक वेळी संध्याकाळी काकांना फोन लावायचो. पलीकडून पहिलं वाक्य तेच, "आज काय केलंस त्याचं?" मागून काकू म्हणायच्या, "अहो, वयाला शोभतं का?" आणि मग फोन स्वतःकडे घेऊन, "पण आउट झाला ना रे?"

पण मला हवं होतं ते अजून झालं नव्हतं. तो आउट होत होता, पण काकांना खोटं ठरवणारी ओळ तशीच होती. मला ती त्याला त्याच्याच तोंडाने परत घ्यायला लावायची होती.

ती वेळ आली तेव्हा मी पहिल्या बेसवर होतो आणि तो सेकंडला उभा होता. आमच्या गड्याने चेंडू जमिनीवरून मारला. तो उचलून त्यांच्या गड्याने कप्तानाकडे फेकला. मी सुटलो. आता त्याला पाय बॅगेवर ठेवणं भागच होतं, शेजारधर्म त्यानेच मोडीत काढला होता. मी घसरलो ते सरळ बॅगेकडे, त्याच्या पायाकडे नाही. काकांनी शिकवलेलं तेच होतं. पण त्याला फक्त माझे बूट येताना दिसले. चेंडू हातात, वेळ भरपूर, आणि तरीही त्याचा पाय भीतीने आपोआप उचलला गेला.

"आउट," अंपायर म्हणाला.

"रिप्ले."

पाय वीतभर वर होता. मी सेफ.

तो पांढराफटक पडला होता. "माझा पाय मोडायचा होता का तुला?"

"मी बॅगेला लागलो, तुम्हाला नाही," मी कपड्यांवरची माती झाडत म्हणालो. "पण भीती वाटते ना? काकांना ती माहीत होती. म्हणून ते आउट द्यायचे. मला, आणि तुम्हालाही."

हंगाम संपल्यावर त्याने स्वतः लीगच्या समितीची बैठक बोलावली. तिथे जे झालं ते मी दुसऱ्या दिवशी काकांना पत्रातून कळवलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. ते पत्र असं:

ती. काका यांस सा. न.

काल बैठक झाली. कप्तानाने ठराव मांडला की सेकंड बेसवर रिप्ले नको, जुनी रीत बरी, नाहीतर कुणाचा तरी पाय जाईल. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ठरावाला माझी हरकत नाही, पण आधी अंकलबद्दल लिहिलेलं परत घ्या. तो इंग्रजीत सुरू झाला. गैरसमज, संदर्भ, असं बरंच काही. मी म्हटलं, मंडळाच्या ग्रुपवर मराठीत लिहिलं होतंत, मराठीत बोला. मग तो म्हणाला, "काका खोटं वागले नाहीत. निकाल रीतीप्रमाणे होता. मलाही तसेच आउट मिळाले आहेत." आवाज बारीक होता. मागे बसलेल्यांना ऐकू आलं नाही, असं मी सांगितलं. तो पुन्हा बोलला, मोठ्याने. तेच वाक्य त्याने मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं. मोदकवाल्या गृहस्थांनी खाली हात जोडल्याचं चित्र पाठवलं आहे.

ठराव मंजूर झाला. मीही हात वर केला, पण मनापासून नाही. आणखी एक हंगाम तरी त्याला बॅगेला मिठी मारून पडलेला बघायला मला आवडलं असतं.

समितीने तुम्हाला पुढच्या हंगामाच्या पहिल्या मॅचला अंपायर म्हणून बोलावलं आहे. निमंत्रण सोबत जोडतो. तिकिटाचं आणि राहण्याचं ते बघणार आहेत. खाली सगळ्या कप्तानांच्या सह्या आहेत, त्याचीही आहे. त्याने मला दोनदा विचारलं, काका येतील ना?

तुम्ही यावं अशी माझी फार इच्छा आहे. काकूंनाही आणा. पण काका, उत्तर लगेच पाठवू नका. त्याला थोडी वाट बघू दे.

तुमचा आज्ञाधारक