कोपरापर्यंत बाह्या

घाटकोपरच्या आमच्या इंग्रजी शाळेत क्षयाची लस टोचायला माणसं आली, तेव्हा आधी सगळ्या मुलींच्या हातावर चाचणीची बारीक सुई टोचली. दोन-तीन दिवसांनी डॉक्टर परत आले. ज्यांच्या हातावर गाठ उठली होती त्यांना मागच्या बाकांवर बसवलं. त्यांना लस द्यायची नव्हती. अर्ध्याहून जास्त वर्ग मागे गेला, त्यामुळे दाटी झाली.

डॉक्टरांनी इंग्रजीत समजावलं. मुंबईत वाढलेल्या बहुतेकांच्या अंगात हे जंतू कधीतरी शिरतात, शरीर त्यांना ओळखायला आणि थोपवायला शिकतं. गाठ ही त्या ओळखीची खूण, आजार नव्हे. मला ते पटलं. घरी मराठीत सांगताना मी म्हणाले, "जंतू माझ्या अंगात आधीच येऊन गेलेत." आईने पुढचं ऐकलं नाही.

"ताईचं लग्न व्हायचंय अजून," ती म्हणाली. "घरात क्षय आहे म्हणतील."

"अगं, डॉक्टर म्हणतायत ना काही नाही," बाबा पेपराआडून म्हणाले.

"डॉक्टरांना कुठे ताईला उजवायचंय?"

लस घेतलेल्या मुलींच्या दंडावर पुढे फोड आले, मग व्रण राहिले. बिल्डिंगमधल्या बायका ते व्रण बघून समाधानाने मान हलवत. देवी टोचल्याच्या जुन्या खुणा सोडल्या तर माझा दंड कोरा होता. आईने माझ्या सगळ्या झग्यांना कोपरापर्यंत बाह्या लावल्या. मे महिना होता.

त्याच महिन्यात रेल्वे फाटकापलीकडचं एक कुटुंब ताईला बघायला येणार असं ठरलं. मुलाची बहीण माझ्याच वर्गात होती. डॉक्टर परत आले त्या दिवशी ती मागच्या बाकावर माझ्याच शेजारी बसली होती. "ए, तुझ्या घरी माझं सांगू नकोस हं," असं तिने मला सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती. म्हणून मी आईलाही काही बोलले नाही.

पाहुणे आले. ताईने पोहे आणले, पण तिच्याकडे फक्त मुलगा बघत होता. मुलाची आई माझ्या बाह्यांकडे बघत होती. माझी आई त्याच्या बहिणीकडे बघत होती. तिच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.



"फार उकडतंय, नाही?" मुलाची आई म्हणाली.

"फारच."

"मुलींना तरी अंगभर कपडे बरे."

"मी तेच म्हणते," आई म्हणाली. "अजून घ्या ना पोहे."

त्यांनी घेतले. ते संपायच्या आत मुहूर्ताचं बोलणं सुरू झालं. आम्ही दोघी घामाने निथळत शेजारी शेजारी बसलो होतो आणि एकमेकींकडे बघत नव्हतो.

लग्नात आम्हा दोन्ही करवल्यांचे झगे एकाच कापडाचे होते. बाह्या किती लांब हव्यात, ते शिंप्याला दोन्ही आयांनी एकदमच सांगितलं.